सहदेवानं मेल्यावर मत दिलं

ही गोष्ट तुम्ही मानणार नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून तोंड वाकडं करायला नको. माझ्या ओट्यावर रोज बसणारे रविकांत मास्तर बी.ए. आहेत, अमरावतीच्या हायस्कुलात इतिहास शिकवतात, त्यांनीही मानली नव्हती. पण हिवरापेठेची मुन्सिपालटी एका मेलेल्या माणसानं पाडली. ती पडली तेव्हा अमरावतीपासून अकोल्यापर्यंत एक माणूस घरात बसलेला नव्हता. आणि तो मेलेला माणूस म्हणजे माझ्या बायकोचा पहिला नवरा.

मास्तरांना मी हे सांगितलं त्या दिवशी सुभद्रा, म्हणजे माझी बायको, दारातच तूर निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. तिनं ही गोष्ट पुष्कळदा ऐकली आहे.

सन अठ्ठावीसची गोष्ट. तेव्हा आपला वऱ्हाड सीपीला, म्हणजे मध्यप्रांताला जोडलेला, हुकूम नागपूरचा चाले. पण हिवरापेठेत नागपूरलाही कोणी विचारत नसे. तिथं शालिकरामजींचं राज्य. सरकी काढायची जिनिंग त्यांची, कापसाच्या गाठी बांधायची प्रेस त्यांची, आणि नऊ वर्षं मुन्सिपालटीचे प्रेसिडेंटही तेच. त्यांनी खोकलं की गावातले दिवे लावणारे पळत सुटत.

त्या साली त्यांच्या विरोधात कमलाकांत वकील उभे राहिले. वकिली अमरावतीला, जन्म हिवरापेठचा. माणूस सरळ, आवाज मोठा. सगळ्यांना वाटलं, ह्या खेपेस म्हातारा जातो. आणि निकाल लागला तर शालिकरामजींचे पंधराच्या पंधरा मेंबर आले. सगळ्या वॉर्डांतली मतं मिळून वकील एकशे सतरानं मागं.

आता मत कोणाला होतं ते ऐका. ज्याच्या नावावर घर, त्याला मत. आणि हिवरापेठेत घरावरचं नाव बदलायची रीतच नव्हती. बाप मेला की नाव बदलायला जायचं, म्हणजे कोणत्या भावाचं लावायचं ह्यावर डोकी फुटायची. त्यापेक्षा बापाचंच राहू द्या, असं सगळे म्हणत. त्यामुळे यादीत निम्मं गाव होतं आणि निम्मं मसण. मतदान झालं तेही पितरांच्या पंधरवड्यात. साहेबाच्या कॅलेंडरात पितर नसतात.

वकिलांनी अमरावतीहून यादीची नक्कल आणली. कोणी कोणी मत दिलं ह्याची. बाजाराच्या दिवशी लिंबाखाली बैलगाडीवर उभे राहिले आणि शाळेतली हजेरी घ्यावी तशी वाचायला लागले.

“गोविंदा तुळशीराम.”

“तो त प्लेगात गेला,” कोणीतरी म्हणालं.

“यशवंत बळीराम.”

“त्याची तेरवी मी जेवलो. वडे कच्चे होते.”

बाजार हसायला लागला. अशी मेलेली नावं मोजून एकशे सतरा निघाली, वकील मागं पडले बरोबर तेवढीच. नाव निघालं की दहा जण ओरडत, मेला, मेला. भाजीवाल्या बायका पदर तोंडात धरून हसत होत्या. एका म्हाताऱ्यानं स्वतःचंच नाव आलं तेव्हाही मेला म्हणून टाकलं. मग वकिलांनी वाचलं, “सहदेव किसन.”

लोक हसले. मी हसलो नाही.

सहदेव दोन वर्षांपूर्वी पटकीनं गेला होता. त्याची बायको सुभद्रा एकोणीस वर्षांची, बापाकडे परत आली होती. आमच्यात विधवेचा पाट लागतो. दुसरं लग्नच ते, फक्त वाजंत्री नाही. माझा आणि तिचा पाट ठरला होता, दसऱ्यानंतरच्या पंचमीला. तिचा बाप नत्थुजी, माणूस चांगला, पण सरकारी कागदाला इतका भ्यायचा की पोस्टाच्या कार्डालाही आधी नमस्कार करायचा.

तो त्याच बाजारात माझ्याजवळ आला. म्हणाला, “पुंजाराम, पाट होत नाई.”

“काहून?”

“जवाई मत देऊन गेला.”

“मामाजी, जवाई मेला. आपण दोघायनं खांदा देल्ला त्याले.”

“देल्ला ना. मी कुठी नाई म्हणून राहिलो? पण सरकारच्या कागदावर तो परवा येऊन गेला. जित्या माणसाच्या बायकोचा पाट लावला त सात वर्सं बेडी पडते.”

मी त्याला सहदेवाचं सरण आठवून दिलं. लाकडं ओली होती, तेल मी आणलं होतं. त्यानं सगळं कबूल केलं. सरणही कबूल, राखही कबूल. पण कागद कागदच. सरकारनं त्याला मेलेला म्हणू दे, मग मी पोरगी देतो, एवढंच त्याचं म्हणणं. आणि पंचमीपर्यंत सरकारनं तसं म्हटलं नाही तर मूर्तिजापूरकडचा एक बिजवर तयार होता, त्याच्याशी पाट लावला तर बेडी पडते का हे तो एका वकिलाला विचारणार होता.

माझ्या पायाखालची काळी माती सरकली. मी तसाच शालिकरामजींच्या प्रेसवर गेलो. ते गादीवर बसून पान लावत होते. मी हात जोडले, म्हटलं, मालक, एवढा एक सहदेव मेला म्हणून लिहून द्या, बाकीच्यांशी मला घेणं नाही.

त्यांनी चुना बोटानं सारखा केला. म्हणाले, “सहदेव मेला म्हणलं त बाकीचे एकशे सोळा बी मरतात. अन् ते मेले की मी मरतो. सहदेव जिता आहे, पुंजाराम. तब्येत बी चांगली आहे त्याची.”

तेव्हा मला कळलं, हे राज्य पडल्याशिवाय माझा पाट लागत नाही. दिवस होते तेवीस.

पण सुरुवात मी केली नाही, खोटं कशाला बोलू. सुरुवात केली मनकर्णाबाईनं. बुढी सत्तरीची, नवरा जाऊन बावीस वर्षं झालेली, आणि यादीत त्याचंही मत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रुपयाएवढं कुंकू लावलं, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या आणि भर रस्त्यानं चालत निघाली. कासारणीनं म्हणे तिला बांगड्या भरताना तीनदा विचारलं, बाई, शुद्धीवर आहे ना? ती मुन्सिपालटीच्या दारात उभी राहिली आणि शिपायाला म्हणाली, “माह्या घरवाल्याले बाहेर काढ.”

शिपाई म्हणाला, कोण घरवाला?

“बावीस वर्सांनं गावात आला. मत देल्लं. अन् घरी जेवाले आला नाई. तो कोणाच्या घरी उतरला हे प्रेसिडेंटले पुसून ये. मी वडे तळून बसली.”

झालं. गाव पेटलं. दुपारपर्यंत एकशे सतरा घरांतून एकशे सतरा पत्रावळी निघाल्या. पितरांचेच दिवस, स्वयंपाक घरोघर तयार. कढी, वडे, भोपळ्याची भाजी, खीर. सगळ्यांनी आपापल्या मेलेल्याचं पान मुन्सिपालटीच्या आवारात नेऊन मांडलं. प्रत्येकाचं म्हणणं एकच, आमचा बाप इथं येऊन गेला म्हणता, तर इथंच जेवू द्या त्याला. सुभद्रेनं सहदेवाचं पान मांडलं, मी पाण्याचा गडवा ठेवला. कुंकू लावलेल्या म्हाताऱ्या बायांची रांग लागली होती, चाळीस तरी असतील. शालिकरामजी वरच्या खिडकीतून पाहत होते आणि पान चघळायचं विसरले होते.

आणि मग आले कावळे.

मास्तर, हिवरापेठेत कावळे असून किती असणार? पण एवढं अन्न एका जागी मांडलेलं कळलं आणि आजूबाजूच्या मुलखात एक कावळा राहिला नाही. मोर्शीच्या संत्र्यांच्या बागांतून आले, अंजनगावच्या पानमळ्यांतून आले. तिवस्याच्या सडकेवर म्हणे गाडीवाल्यांनी दिवसा कंदील लावले, इतकं आभाळ झाकलं. बैल झोपायची वेळ झाली समजून खाली बसले. मुन्सिपालटीचं कौल दिसेना. सगळे कावळे कौलावर, कंपाउंडावर, दिव्याच्या खांबांवर बसले. आणि एकानंही पानाला चोच लावली नाही.

हे तुम्हाला सांगायला नको. कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याच्या मनात काही राहिलं आहे. माणसं हात जोडून काय काय कबूल करू लागली. शेत विकणार नाही, म्हणालं कोणी. दारू सोडतो, म्हणालं कोणी. कावळा हलेना. मग मनकर्णाबाई आपल्या पानापुढं उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मुन्सिपालटीची कमेटी मोडतो आमी. जेव आता.”

एक कावळा खाली उतरला आणि वडा घेऊन गेला.

पाच हजार माणूस होतं तिथं. आणि जो आवाज झाला तो बडनेऱ्याच्या स्टेशनावर ऐकू गेला. स्टेशनमास्तरला वाटलं, मेल आली, त्यानं सिग्नल पाडला.

त्याच्या पुढल्या दिवसापासून माणसं यायला लागली. आधी जवळच्या खेड्यांतली. मग अमरावतीची आणि अकोल्याची. त्यांच्या गावच्या मेलेल्यांनी मत दिलं नव्हतं, पण पुढच्या खेपेस देतील, म्हणून ते आधीच आले. गाड्या इतक्या लागल्या की अमरावतीहून निघालेली मांजर एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर उडी मारत अकोल्याला पोहोचली असती, पाय मातीला न लावता. मास्तर म्हणाले, हे पन्नास-पंचावन्न मैल होतात. मी म्हटलं, मांजर मधात मूर्तिजापूरला थांबली असेल.

आणि घोषणा काय होत्या? “आमचे मेले आमाले द्या!” हीच मुख्य. वकिलांना ती पसंत नव्हती. ते म्हणाले, ह्यातून कायद्याचा मुद्दा नीट व्यक्त होत नाही. पण आठ हजार लोक ओरडायला लागल्यावर तेही टोपी हलवून ओरडले. जिनिंगची मशीनं बंद पडली. प्रेसवरच्या हमालांनी हातातल्या गाठी तिथंच टाकल्या आणि आवारात येऊन बसले. न्हाव्यांनी मेंबरांची दाढी करायचं सोडलं. तीन दिवसांत पंधरा मेंबर ओळखू येईनात.

मेंबरही माणसंच. त्यांच्याही घरी बाप मेलेले होते, त्यांचीही पानं मांडायची होती. आणि कोणत्याही मेंबरच्या घरच्या पानाला कावळा शिवेना. पहिला मेंबर आपल्या कौलाकडे तोंड करून चार तास उभा राहिला, बापाला समजावत. शेवटी त्यानं तिथंच कागद मागवला, राजीनामा लिहिला आणि वर धरून दाखवला. कावळ्यानं खीर खाल्ली. त्याची बायको रडली. संध्याकाळच्या आत सात राजीनामे आले, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चौदा. शालिकरामजी एकटे उरले. त्यांनी राजीनामा दिला नाही, त्यांचे बाप जिवंत होते.

आता अमरावतीहून डिप्टी कमिशनर साहेब आले. गोरा, उंच, उन्हानं लाल झालेला. त्याची मोटर गाड्यांतून निघेना, शेवटचे दोन मैल बैलगाडीवर बसून आला. तंबू ठोकला. वकिलांनी यादी पुढं ठेवली. साहेब म्हणाला, मेलेल्यांनी मत दिलं नाही हे मलाही समजतं. पण कोणी दिलं? मत घेतलं त्या पुस्तकात प्रत्येक नावापुढं जांभळ्या शाईचा अंगठा आहे.

शालिकरामजी तंबूच्या दारात उभे होते. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, हे आंगठे माह्या घरचे नाई. हे ह्या गर्दीतलेच आंगठे आहेत. एकेक पाहून घ्या. सापडला त्याले जेलात टाका, अन् मंग मले सांगा मी लबाड का गाव लबाड.”

गर्दी अशी गप्प झाली की कावळ्यांचे पाय कौलावर वाजत होते ते ऐकू आले. साहेबानं हुकूम केला, उद्या सकाळी आठ वाजता सगळ्या मर्दांनी रांगेत यायचं. नागपूरहून अंगठे ओळखणारा माणूस येतो आहे, भिंग घेऊन.

नत्थुजी माझ्या कानाशी आला. म्हणाला, “उद्या कळन कोण मेल्यानं माह्या जवायाचं नाव लावलं ते. तो सापडू दे, त्याच्या तोंडावर थुकतो मी.” माझं डोकं चालायला लागलं. मी गाडीवर चढलो. जन्मात कधी भाषण केलं नव्हतं. मी म्हटलं, भाऊहो, उद्या आपल्यातला एक जरी माणूस पकडला गेला तरी शालिकराम जिंकला. गाव लबाड ठरलं. तेव्हा उद्या एकाचाही अंगठा ओळखू यायला नको.

प्रेसमध्ये गाठीवर नंबर मारायची काळी शाई असते. डांबरासारखी घट्ट, लागली की पंधरा दिवस जात नाही. हमालांनी शालिकरामजींच्याच कोठारातून तिचं पिंप लोटत आणलं. आणि सकाळी आठच्या आत, मास्तर, जेवढा मर्द हिवरापेठेत उभा होता त्यानं आपला अंगठा मुळापर्यंत त्या शाईत बुडवला. शाई कमी पडली तेव्हा गाडीच्या चाकांचं वंगण घेतलं. वकिलांनी स्वतः बुडवला, कोटाची बाही वर करून. मनकर्णाबाई म्हणाली, मर्दच काहून? आणि तिनंही बुडवला.

नागपूरच्या माणसानं पहिला अंगठा भिंगाखाली धरला. काळा गोळा. दुसरा. काळा गोळा. अकराव्यापर्यंत भिंग काळं झालं. ते पुसलं तर रुमाल काळा, नाकाला हात लावला तर नाक काळं. रांग पूर्णेच्या वाटेला लागली होती, आणि प्रत्येकजण मोठ्या अदबीनं विचारत होता, साहेब, अजून एकदा लावू? टेबल, तंबूची कनात, साहेबाची टोपी, जिथं जिथं माणूस टेकला तिथं अंगठा उमटला. लोकांनी मग नाल्यावर हात धुतले. तो नाला पूर्णेला मिळतो. दहीहंड्याच्या धोब्यांची धोतरं तीन दिवस करडी निघत होती, असं त्यांच्यातल्याच एकानं मला सांगितलं.

दुपारी एक वाजता साहेब हसायला लागला. आधी हळू, मग पोट धरून. त्यानं कागद ओढला आणि लिहिलं, निवडणूक रद्द, कमेटी बरखास्त, नवी यादी जित्या माणसांची. शालिकरामजी खुर्चीवरून उठले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांना कोणी वाट दिली नाही, ते गाड्यांच्या खालून वाकून गेले.

लोक नाचत होते. टोप्या उडत होत्या, कावळे उडत होते, काय काय उडत होतं ते ओळखू येत नव्हतं. आणि त्यात मी नत्थुजीला खांद्यावर घेऊन साहेबाच्या टेबलापाशी नेला. त्यानं दोन्ही काळे हात जोडून विचारलं, माझा जावई सहदेव किसन आता मेला काय? साहेबानं चष्मा वर केला, यादीवर बोट फिरवलं आणि वेगळ्या कागदावर लिहून शिक्का मारून दिला, की मेला. नत्थुजीनं कागद कपाळाला लावला. दुसऱ्याच्या मरणानं एवढा आनंद झालेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. तो मी होतो. पंचमीला पाट लागला.

मास्तरांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, मांजर सोडा, कावळे सोडा, साहेबाची टोपीही सोडा. पण एक अडतं. साहेबानं अंगठे ताडून पाहिले असते तर शालिकरामाची माणसंच सापडली असती ना? तुमचं काम आपोआप झालं असतं. मग ते झाकायची घाई तुम्हाला का?

मी म्हटलं, गावाची एकी, मास्तर. एकीपुढं माणूस स्वतःचा विचार करत नाही.

सुभद्रेनं सूप खाली ठेवलं.

“मास्तर, तुमी भोळे आहा,” ती म्हणाली. “ह्यायच्या नावावर तवा घर नव्हतं, मत नव्हतं. तरी मताच्या दिवशी दुपारी आमच्या दारी आले, पाणी मांगलं. तोंडाले शालिकरामानं मतासाठी वाटलेल्या जिलबीचा वास. कोणाच्या नावानं मत देल्लं ते पुसलं बी नसन. पाणी पेले, लोटा परत देल्ला, त लोट्यावर हा एवढा जांभळा आंगठा. बापानं पाह्यला असता त पाट त सोडा, उंबरा चढू देल्ला नसता. म्या काई म्हणलं नाई, बाजारात नाव निघालं तवा ह्यायनं आंगठा मुठीत लपवला तरी बी नाई. राखेनं तीनदा घासला तो लोटा, तवा कुठी माह्या पहिल्या नवऱ्याचं मत निघालं.”